वाचल्याशिवाय पुढे नाही

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या बायकांचा एक गट नाचणीचे लाडू करून इंटरनेटवरून विकायचा. इंदूताई परुळेकर गटाच्या प्रमुख होत्या. ऑर्डरी घेणारा प्रोग्रॅम निवृत्त शिक्षक दिगंबर नाबर यांनी स्वतः शिकून, हौसेने लिहिला होता.

विक्री वाढली, तशी गटाने ऋजुता नावाची हुशार इंजिनीअर नेमली. वेबसाइटवर आलेली ऑर्डर थेट कुरियरच्या प्रोग्रॅमला जोडायची, हे तिचं काम. नाबरांच्या प्रोग्रॅममध्ये तिला एक विचित्र गोष्ट दिसली. प्रत्येक ऑर्डर मध्येच थांबायची. इंदूताईंनी ‘वाचलं’ हे बटण दाबलं, की मगच पुढे जायची.

“एवढा वेळ फुकट,” ऋजुता म्हणाली आणि तिने तो थांबा काढून टाकला. का ठेवला होता, हे तिने कुणाला विचारलं नाही. काम झपाट्याने होऊ लागलं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

चौथ्या दिवशी सकाळी नाबर सहज डोकावले. नवी मांडणी त्यांनी मन लावून पाहिली.

“छान केलंस. गिऱ्हाइकाची चिठ्ठी आता कुठे दिसते?”

“कुठली चिठ्ठी, काका?”

“ऑर्डरीखाली लोक दोन ओळी लिहितात. इंदूताईंनी त्या वाचाव्यात, म्हणून तो थांबा होता.”

ऋजुताने घाईने शोधलं. कुरियरच्या प्रोग्रॅमला चिठ्ठीसाठी जागाच नव्हती, म्हणून जोडणी करताना त्या गळून गेल्या होत्या. वेबसाइटवर मात्र त्या तशाच पडून होत्या. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, दाराची घंटा बिघडली आहे. दुसरी नसीम मुजावर यांची होती: ‘मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, श्वास कोंडतो. मागच्यासारखे वेगळे लाडू द्यावेत.’

नेहमीच्या लाडवांत शेंगदाण्याचं कूट असायचं. तोच डबा गेला होता.

डब्यावर ‘शेंगदाणे’ असं छापलेलं आहेच, असा विचार ऋजुताच्या मनात आला. गप्प बसलं तर दोष तिच्यावर येणारही नव्हता. पण तिने लगेच नसीम यांना फोन लावला.

“ताई, लाडवांचा डबा उघडू नका. त्यात शेंगदाणे आहेत. चूक माझी आहे.”

“थांबा,” एवढंच पलीकडून ऐकू आलं. मग धावत जाणाऱ्या पावलांचा आवाज.

“लाडू हातात घेतला होता तिने,” नसीम अखेर म्हणाल्या. “तोंडात नव्हता घातला. बरं झालं सांगितलंत.”

फोन ठेवल्यावर ऋजुता रडू लागली. नाबरांनी शेजारी खुर्ची ओढली.

“मीही एकदा असंच चुकलो होतो, बाळ. त्यानंतरच तो थांबा घातला. कारण कुठे लिहून ठेवलं नाही, ही माझी चूक.”

दुपारभर दोघं एकत्र बसली. बिनचिठ्ठीच्या ऑर्डरी आता सरळ पुढे जाऊ लागल्या. चिठ्ठी असली की मात्र ऑर्डर इंदूताईंसाठी थांबायची. का थांबायची, ते ऋजुताने तिथेच स्वच्छ मराठीत लिहिलं. संध्याकाळी इंदूताईंनी मुजावरांच्या मुलीसाठी नवी नाचणी भाजायला घेतली. ऋजुता कढईजवळ उभी राहून ढवळत होती.

तात्पर्य: दुसऱ्याने घालून दिलेली रीत मोडण्याआधी ती का घातली हे विचारावं, आणि चूक झालीच, तर स्वतःला सावरण्याआधी समोरच्याला सावध करावं.