आधी खालचा काप

एकदा झाडे छाटणाऱ्या एका वृद्धाकडे एक तरुण विद्या शिकत होता. विद्या कसली म्हणाल, तर कमरेला दोर बांधून झाडावर चढायचे, चेनसॉने धोक्याच्या फांद्या उतरवायच्या आणि स्वतः धडपणे खाली यायचे. हसू नका, यातले शेवटचे साधायलाच वर्षे जातात! वृद्धाला सारे तात्या म्हणत. तात्यांचे गुडघे आता चढू देत नसत. ते खाली दोर धरून उभे राहत आणि शिष्य वर काम करी.

शिष्य मोठा चौकस. हे असेच का, ते तसेच का, म्हणून म्हाताऱ्याला भंडावून सोडी. एका गोष्टीचे तर त्याला भारी कोडे होते. जड फांदी उतरवताना तात्या आधी तिला खालून थोडा काप द्यायला लावत आणि मगच वरून मशीन चालवू देत.

"तात्या, फांदी पडते ती वरच्या कापाने. मग खालून हा उलटा उद्योग कशाला?"

"दे रे बाबा, काही बिघडत नाही," असे म्हणून तात्या हसत.

त्या दिवशी शाळेच्या छपरावर झुकलेला शिरीष छाटायचा होता. शिष्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. शहरातल्या एका मोठ्या बागेत त्याला नोकरी लागली होती, दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचे होते आणि तात्यांना सांगायची छाती होत नव्हती. आपण गेलो की म्हाताऱ्याचे हातपायच गेले, हे त्याला कळत होते. तो चेहरा पाहवणार नाही, तेव्हा न सांगताच जावे, असे त्याने ठरवले होते.

घाईत त्याने खालचा काप गाळला आणि थेट वरून मशीन लावली. फांदी अर्धी कापली जाते न जाते तोच कडाडली, आपल्याच भाराने खचली आणि खोडाची साल सोलत थेट त्याच्या पायापर्यंत आली. छप्पर वाचले, तोही वाचला, पण झाड उघडे पडले.

तो खाली उतरला. आता बोलणी बसणार, असे त्याला वाटले. तात्यांनी नुसते वर बोट दाखवले.

"फांदी जायचीच होती रे. तिच्यासाठी खालचा काप लागत नाही. खालचा काप खोडासाठी असतो, त्याला इथंच उभं राहायचंय. आधी खालून कापून ठेवलं की फांदी सुटून पडते, जाताना साल ओढून नेत नाही."

शिष्याने खोडावरच्या त्या ओल्या, पांढऱ्या जखमेकडे पाहिले. मग मान खाली घालून म्हणाला, "तात्या, उद्या मी शहरात चाललोय. नोकरी लागलीय. तुम्हाला न सांगता जाणार होतो."

"नोकरीचं ठाऊक आहे, उद्याच निघतोयस हे नव्हतं. पोरगा कसा आहे, म्हणून त्या बागवाल्यांनी मलाच विचारलं होतं. सोन्यासारखा आहे, म्हणून सांगितलं." तात्यांनी शिष्याच्या खांद्याला लागलेली साल झटकली. "वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण आता उद्या सकाळी दोर घेऊन तुझी वाट बघत बसणार नाही."

मग त्यांनी दोर ओढून पाहिला. "चल, चढ. पलीकडची फांदी राहिलीय."

शिष्य चढला. मशीन सुरू झाली, आणि पहिला भुसा फांदीच्या खालच्या अंगाने गळू लागला.