टिटवी आणि लंगडणारे दोघे

मुलांनो, परवा रात्री मला झोप लागली नाही. कारण तसं लहानच होतं. आमच्या गावात नगराध्यक्षपदाला दोघे उभे आहेत, आणि त्यांची समोरासमोर चर्चा केबलवर दाखवत होते. शाळेच्या फाटकासमोरून भरधाव जाणाऱ्या डंपरांबद्दल कुणीतरी काहीतरी बोलेल, या आशेने मी दीड तास जागची हलले नाही. कुणी बोललं नाही. चर्चा संपली आणि दुसरीत जाणाऱ्या माझ्या शाल्वीने विचारलं, "आई, दोघांतला चांगला कोण?" मी म्हणाले, "आधी दात घासून घे." ती झोपली, मी जागीच. गोष्टीत बरं असतं, कोण चांगला आणि कोण लबाड ते पहिल्या ओळीत कळतं. म्हणून सकाळी तिची वेणी घालता घालता मी तिला एक गोष्ट सांगितली. मला गोष्टी रचता येतात असं नाही, पण जशी जमली तशी तुम्हालाही सांगते.

जंगल जिथे संपतं आणि तळ्याचा काठ सुरू होतो, तिथल्या खड्यांमध्ये एक टिटवी राहत असे. तिचं घरटं म्हणजे चार खडे बाजूला सारून केलेली जागा, आणि त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. शत्रूला ती दिसत नसत, हे बरं होतं. पण संध्याकाळी पाण्यावर येणाऱ्या गव्यांनाही ती दिसत नसत. मागच्या वर्षी त्यांच्या खुरांखाली तिची सगळी अंडी गेली होती. गव्यांनी पलीकडच्या उताराने पाण्यावर यावं, एवढंच तिला हवं होतं. पण वाट बदलणं जंगलाच्या प्रमुखाच्या हाती. जुना प्रमुख "बघू" म्हणाला होता, आणि पाच वर्षं तो बघतच होता.

आता नवा प्रमुख निवडायचा होता. उभे होते कोल्हा आणि लांडगा. मोठ्या खडकावर दोघांची चर्चा ठरली. ज्यांना घर सोडून जाता येत नाही, त्यांच्यासाठी झाडाझाडावर पोपट बसवले. एकाने ऐकायचं आणि पुढच्याला सांगायचं, शब्द न् शब्द, हावभावांसकट. टिटवा खडकावर चर्चा बघायला गेला होता. टिटवी अंड्यांवर बसली होती, आणि तिच्या शेजारच्या बाभळीवर एक पोपट येऊन बसला.

"पोपटदादा," टिटवी म्हणाली, "गव्यांच्या वाटेचं काय करणार, एवढं त्या दोघांना विचारा ना."

"अहो ताई, तिकडचं इकडे येतं. इकडचं तिकडे जात नाही."

"मग मी काय करू?"

"ऐका की! आज रंगणार आहे."

आणि खरंच रंगली. कोल्हा म्हणाला, "याच्या काकाने ससे खाल्ले!" लांडगा म्हणाला, "आणि याच्या आजीने काय जन्मभर गवत खाल्लं?" यावर ससेसुद्धा हसले म्हणे. टिटवी वाट बघत राहिली. आता वाटेचं बोलतील, मग बोलतील. तेवढ्यात कोल्हा खडकावर लंगडत पुढे आला. "तुमच्यासाठी रानोमाळ फिरलो, त्यात हा पाय गेला!" सगळं जंगल हळहळलं. लांडगा मागे कसा राहील? "माझे तर दोन पाय गेले!" म्हणत तो दोन्ही पायांनी लंगडू लागला. बाभळीवरचा पोपट फांदीवर आधी एका पायाने लंगडला, मग दोन्ही पायांनी. टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण कोल्ह्याची नक्कल करताना पोपट फांदीवर जाताना डाव्या पायाने लंगडला होता आणि परतताना उजव्याने, आणि तो बिचारा तर जसं घडलं तसंच दाखवत होता.

मुलांनो, टिटवीची एक युक्ती असते. शत्रू घरट्याजवळ आला, की ती पंख मोडल्यासारखी फरफटत लांब पळते. शत्रूला वाटतं, ही आयती सापडली. तो तिच्यामागे जातो आणि अंडी वाचतात.

इथे शाल्वीने मान वळवली आणि पेड सुटला. "म्हणजे ती खोटं खोटं लंगडते?"

"खोटंच. पण पिल्लांसाठी."

तर टिटवीच्या मनात आलं, 'अगंबाई, हे तर माझंच काम! मी लंगडते तेव्हा समोरच्याने माझ्याकडे बघावं आणि अंड्यांकडे बघू नये, एवढंच मला हवं असतं. मग हे दोघे लंगडतायत, ते आपण कुठे बघू नये म्हणून?' चर्चा सुरू झाल्यापासून तिने पहिल्यांदा मान मागे वळवली. गवे काठावर पोचले होते. इतका वेळ खुरांचा आवाज येत असणार, पण तिचे कान बाभळीकडे होते.

गव्यापुढे लंगडून उपयोग नसतो. त्याला अंडी नको असतात, त्याला फक्त पुढे जायचं असतं. टिटवी दोन्ही पंख पसरून म्होरक्या गव्याच्या नाकासमोर उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली. गवा थबकला, पण त्याचा एक खूर तोवर टेकला होता.

"दिसलं नाही गं, बाई," गवा म्हणाला.

"पलीकडून येत जा ना. एवढंच सांगते."

"ते प्रमुखाला सांग. आम्ही नेमून दिलेल्या वाटेने जाणारे." तेवढ्यापुरता कळप वळसा घालून गेला. तीन अंडी उरली.

बाभळीवरून पोपट ओरडला, "ताई, तुमच्या मते जिंकलं कोण?"

टिटवी टरफलं गोळा करत होती. "इकडचं तिकडे जात नाही ना, दादा? मग विचारता कशाला?"

निवडणुकीच्या दिवशी तिने टिटव्याला अंड्यांवर बसवलं आणि ती मत देऊन आली. कंटाळली होती, तरी गेली. परत आल्यावर मात्र ती बाभळीकडे पाठ आणि गव्यांच्या वाटेकडे तोंड करून बसली. तेव्हापासून ती तशीच बसते.

"मत कोणाला दिलं तिने?" शाल्वीने विचारलं.

"ते काही तिने सांगितलं नाही," मी म्हणाले, आणि घाईघाईने रिबिनीची गाठ मारली.

तात्पर्य : समोरचा फारच लंगडू लागला, तर त्याच्या पायाकडे बघण्याआधी आपली अंडी कुठे आहेत ते बघून घ्यावं.

शाल्वीने दोन्ही वेण्या चाचपून पाहिल्या, दप्तर पाठीला लावलं आणि दारात थांबून म्हणाली, "आई, मी विचारलं होतं, चांगला कोण. रात्री तू मला दात घासायला लावलंस. आत्ता गोष्ट सांगितलीस. तू पण लंगडतेयस."