बकुळनं घेतलेली सुपारी

ज्या गावात दारोदार मोगरा फुलतो तिथं सगळे सुखातच असणार, असं तुम्हांला वाटत असेल तर तुम्ही मोगरेवाडी पाहिलेली नाही. मोगरेवाडीत कुंपणावर मोगरा, विहिरीच्या काठावर मोगरा, मारुतीच्या देवळामागेही मोगराच. पण नुसत्या वासानं काही पोट भरत नाही. गावाच्या अगदी टोकाला, जिथून हिरवंगार चांदणबन सुरू होतं, तिथल्या पिटुकल्या झोपडीत बकुळ नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. तिच्या घरची चूल हल्ली दिवसातून एकदाच पेटायची.

बकुळचे बाबा म्हणजे राघू सनईवाले. पंचक्रोशीत कुठंही लग्न ठरलं की लोक आधी मुहूर्त काढायचे आणि लगेच राघूला गाठायचे. पण या वर्षी बाबांच्या छातीत दम्यानं ठाण मांडलं. चार पावलं टाकली की ते बसायचे. वैद्यबुवांनी छातीला कान लावला आणि सांगितलं, "राघू, सनई आता खुंटीवर राहू दे. चुलीलासुद्धा फुंकर घालू नकोस. पुन्हा जोर केलास तर श्वास अडकेल तो कायमचाच." तेव्हापासून सनई लाल फडक्यात गुंडाळून खुंटीवर लटकत होती आणि चुलीला फुंकर बकुळ घालायची.

एके सकाळी बाबा वैद्यबुवांकडे गेलेले असताना इनामदारांचे कारभारी तात्या दारात आले. डोक्याला केशरी पागोटं, हातात तबक. तबकात हळदकुंकू, हिरवीगार विड्याची पानं आणि वर एक गोल गरगरीत सुपारी.

"केतकीताईंचं लग्न आहे, पौर्णिमेला, गोरज मुहूर्तावर," तात्या म्हणाले. "बाबांना सांग, आणि ही घे."

बकुळनं दोन्ही हात पुढं केले. तिला वाटलं, आपल्याला लग्नाचं बोलावणं आलं. शेजारच्या घरांत लग्नाची अक्षत यायची ती तिनं पाहिली होती. अक्षत आली की ते लोक नवे कपडे घालून जेवायला जायचे आणि परत आल्यावर जिलबीबद्दल फार बोलायचे. सुपारी मुठीत धरून बकुळ अंगणात गोल गोल नाचली. कढईतून निघालेली पिवळीधमक जिलबी, तिच्यातून गळणारा पाक, वर गार मठ्ठा. एवढं सगळं तिनं डोळे मिटून खाऊनही टाकलं.

बाबा आले, त्यांनी सुपारी पाहिली आणि मटकन ओट्यावर बसले.

"बकुळे, ही अक्षत नव्हे गं. अक्षत पाहुण्यांना देतात. वाजवणाऱ्याला सुपारी देतात. सुपारी घेतली म्हणजे वाजवायला येतो असा शब्द दिला."

"मग मी परत देऊन येते, बाबा."

"आपल्या घरातनं सुपारी परत गेलेली नाही. माझ्या आज्यापासनं नाही." बाबांनी खुंटीकडं पाहिलं. "वाजवीन मी. एका मुहूर्तापुरतं तर वाजवायचं."

बकुळला काही कळेना. जेवायला बोलावणारी सुपारी बाबांचा जीव कसा काय मागते? आणि आपण नुसते हात पुढं केले तर त्यात शब्द कधी दिला? एवढं मात्र तिला पक्कं कळलं, की बाबांनी सनई फुंकली तर बाबा राहणार नाहीत. ती उठली आणि रडत रडत चांदणबनात शिरली.

चांदणबनात सकाळचं ऊन पानांतून गळत होतं. जांभळी फुलं, लाल चुटूक फळं, निळ्या पंखांची टिकलीएवढी फुलपाखरं. एरवी बकुळनं प्रत्येकाला नावानं हाक मारली असती. आज तिला काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात पारिजातकाखाली कुणीतरी पुटपुटताना ऐकू आलं.

"हा पाय आधी की तो पंख आधी? आजीनं काय सांगितलं होतं?"

दोन फांद्यांमध्ये कोळ्याचं भलंमोठं जाळं होतं आणि त्यात एक इवलीशी परी उलटी लटकली होती. अंगात केशरी झगा, केसांत दवाचे मणी, चेहरा गोंधळलेला. बाजूला काळा कोळी तिच्याइतकाच गोंधळून बसला होता. एवढी मोठी आणि इतकी चमकणारी माशी त्यानं आयुष्यात पाहिली नसावी.

बकुळनं डोळे पुसले. जाळं ओरबाडलं असतं तर परी लगेच सुटली असती. पण कोळ्यानं रात्रभर खपून ते विणलेलं. म्हणून तिनं चिमुकल्या बोटांनी एकेक धागा सोडवला, परीला अलगद काढलं आणि सुटलेले धागे पुन्हा फांदीला नेऊन चिकटवले. कोळी तुरूतुरू वर गेला आणि आपल्या जागी बसला.

"माझं नाव किरणी," परी म्हणाली. "आता मला तुझी एक इच्छा पुरी करायला हवी. असा नियमच आहे. बहुतेक आहे."

"परीताई, माझ्या बाबांना श्वास दे."

किरणीचा चेहरा उतरला. "श्वास मला सरळ देता येत नाही गं. आजी म्हणते, तो आडवाटेनं येतो. कुठल्या आडवाटेनं, ते मला माहीत नाही. दुसरं काही सांग."

बकुळनं खूप विचार केला. "मग बाबांच्या बदली मला वाजवता येऊ दे. म्हणजे त्यांना फुंकायला नको. फुंकावं न लागणारं काहीतरी दे."

हे किरणीला जमण्यासारखं होतं. तिनं उन्हाची एक तिरीप धरून धनुष्यासारखी वाकवली. कोळ्याकडं पाहून हात जोडले, तशी कोळ्यानं वरून धाग्यामागून धागा खाली सोडला. किरणीनं ते धागे उन्हात बुडवून त्या वाकवलेल्या चौकटीला ताणून बांधले. बघता बघता बकुळच्या डोक्यापर्यंत पोहोचेल एवढं उंच सोनेरी वाद्य उभं राहिलं. तिनं नुसतं बोट लावलं, तर दवाचे थेंब पानावरून पानावर पडावेत तसा आवाज झाला.

"याला हार्प म्हणतात. समुद्रापलीकडं लग्नात हाच वाजवतात, असं आजी सांगते. तू बोटं ठेव, तो वाजेल. आता नियम ऐक." किरणीनं डोळे मिटून पाठ केल्यासारखं म्हटलं, "वाजवायला बसलीस की मध्ये उठायचं नाही. मध्ये उठलीस तर हार्प जाईल. आणि अजून एक नियम होता."

"कुठला?"

"तोच आठवत नाही. महत्त्वाचा होता, एवढं आठवतंय." किरणी ओशाळली आणि पारिजातकाच्या फुलात शिरून दिसेनाशी झाली.

पौर्णिमेच्या दिवशी इनामदारांच्या मांडवात झेंडूच्या केशरी माळा, आंब्याचं हिरवं तोरण, रांगोळीत सात रंग. बकुळनं परीची सगळी हकिकत, नियमासकट, बाबांना सांगितली होती. दोघं हार्प घेऊन पोहोचले. वाजवणाऱ्यांची जागा कोठीघराच्या दाराला लागून असायची, तिथं त्यांनी तो उभा केला. लगेच माणसं गोळा झाली. विणकर म्हणाला हा माग आहे, तेली म्हणाला हा कसला माग, आणि कारभारी तात्या धावत आले नि विचारू लागले, "ही बाज इथं कुणी उभी केली? पाहुणे अडखळतील."

बाबांनी समजावून सांगितलं. बकुळनं दोन तारा छेडून दाखवल्या. इनामदारीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आवाज गोड आहे याचा, पण राघू, मुहूर्ताला मोठ्यानं वाजवतात ते काय उगीच? त्या घटकेला कुणाची शिंक, कुणाचं रडणं कानावर पडू नये म्हणून वाजवतात. या टिंगटिंगीत काय झाकलं जाणार?"

आता मुहूर्त तोंडावर आलेला, दुसरा वाजंत्री कुठून आणणार? "काळजी नको, बाईसाहेब," बाबा म्हणाले. त्यांनी लाल फडक्यातून सनई काढून मांडीवर ठेवली. "कमी पडलं तर मी आहे."

बकुळनं सनई पाहिली. काही झालं तरी आपण मध्ये उठायचं नाही, असं तिनं मनाशी घोकलं.

गाई परतू लागल्या, गोरज उडाली, आभाळ गुलाबी झालं. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली. "शुभमंगल सावधान" म्हणून भटजींनी हात वर केला आणि सांगितलं, "वाजवा."

अंतरपाट दूर झाला. बकुळनं बोटं ठेवली. चंदेरी, सोनेरी, निळसर सूर मांडवभर तरंगले. ते इतके नाजूक होते, की टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. नीट ऐकू यावं म्हणून बोलणारे गप्प झाले, मुलं गप्प झाली, कढईपाशी आचाऱ्यानंही झारा बाजूला ठेवला. इनामदारांच्या घरात लग्नाच्या वेळी इतकं शांत कधीच झालं नव्हतं.

आणि त्या शांततेत कोठीघराच्या बंद दाराआड कुणीतरी हुंदका दिला.

बकुळला तो सगळ्यांत आधी ऐकू आला. तिनं मान वळवली. बाहेरून कडी लावलेली. आत कुणीतरी म्हातारं माणूस तोंडात पदर कोंबल्यासारखं दबून रडत होतं. हार्पचे सूर त्या हुंदक्याला झाकत नव्हते, उलट वाट करून देत होते. बकुळ पार गोंधळून गेली. कडी फक्त हातभर लांब, पण तिथं जायचं तर उठायला हवं. उठलं की हार्प जाणार, हार्प गेला की बाबा सनई तोंडाला लावणार. तिनं बाबांकडं पाहिलं. बाबांनाही हुंदका ऐकू आला होता. ते तिच्याचकडं पाहत होते, आणि त्यांनी हळूच मान हलवली. जा, म्हणून.

बकुळ उठली. रडू येत होतं तरी उठली. तिचा हात तारांवरून निघाला आणि हार्प उन्हासारखा विरून गेला. तिनं कडी काढली.

आत गुळाच्या ढेपांमध्ये पांढऱ्या लुगड्यातल्या गोदाआत्या बसल्या होत्या. केतकीला त्यांनीच मांडीवर वाढवलं होतं. पण त्यांचे यजमान वारले होते, आणि नवरा नसलेल्या बाईनं मुहूर्ताला समोर यायचं नाही, असं त्या घरात मानायचे. दर लग्नात त्या अशाच आत बसायच्या, आणि दर लग्नात सनई इतकी मोठ्यानं वाजायची की त्यांचं रडणं कुणाला ठाऊकच नव्हतं.

"आजी, चला ना बाहेर," बकुळ म्हणाली.

केतकी हातातली वरमाला तशीच धरून धावत आली. "आत्या, तू इथं? आई तर म्हणाली, तुला बरं नाही म्हणून झोपलीयस." ती आईकडं वळली. "जिच्या मांडीवर मी मोठी झाले तिचंच तोंड आज मी पाहायचं नाही?"

इनामदारीणबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. मग त्या स्वतः पुढं आल्या, मूठभर अक्षता घेतल्या आणि गोदाआत्यांच्या ओंजळीत दिल्या. "वन्सं, माझं चुकलं. पहिल्या अक्षता तुम्ही टाका," त्या म्हणाल्या.

"घटका निघून चाललीय," भटजी घाईनं म्हणाले. "कुणीतरी वाजवा."

बाबांनी सनई उचलली.

"बाबा, नको," म्हणत बकुळ धावली, पण तोवर सनई ओठांना लागली होती. बकुळनं डोळे गच्च मिटून घेतले. आता खोकला ऐकू येईल, मग बाबा कोसळतील, असं तिला वाटलं.

खोकला आलाच नाही. सूर आला. लांब, भरलेला, न थांबणारा. आणि त्या सुराच्या आत, नीट कान दिला तर, दवाचे थेंब पानावरून पानावर पडत होते. बकुळनं डोळे उघडले तेव्हा बाबांची छाती पूर्वीसारखी श्वासानं भरत होती आणि तेही चकित होऊन स्वतःकडंच पाहत होते.

तोरणाच्या पानावर किरणी बसली होती. तिला धाप लागली होती.

"बकुळे, आठवला नियम. मध्ये उठलीस तर हार्प जातो हे खरं. पण दुसऱ्याचे डोळे पुसायला उठलीस, तर ज्याच्यासाठी तो मागितला होतास त्याच्याकडं जातो. हीच ती आडवाट. बघ, गेला की नाही?"

"हे आधी सांगायचं ना, परीताई."

"आधी आठवलं असतं तर तू त्यासाठीच उठली असतीस," किरणी म्हणाली, आणि आपण इतकं शहाणपणाचं कसं बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. ती हसली. तिच्या झग्यातून केशरी उजेड सांडू लागला, तो वाढत गेला, झेंडूच्या माळा क्षणभर पेटल्यासारख्या झाल्या, आणि मग तोरणावर नुसतं हिरवं पान हलत राहिलं.

पंगतीची पानं मांडली गेली. बकुळ सवयीनं बाजूला, सनईच्या फडक्यापाशी उभी होती. गोदाआत्या सावकाश चालत तिच्याजवळ आल्या आणि त्यांनी तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. बकुळ घाबरली. पुन्हा आपण भलताच शब्द देऊन बसलो की काय, म्हणून तिनं हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे होते.

"ही सुपारी नाही, बाळ," गोदाआत्या म्हणाल्या. "ही अक्षत आहे. माझ्या शेजारी पान मांडलंय तुझं. जेवायला चल."

बकुळनं तरीही आधी बाबांकडं पाहिलं. बाबा वाजवत होते, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं, तेव्हा कुठं तिनं मूठ मिटली.