दगडी कुंडातले सोने

पूर्वी वाराणसीत भद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होता. पण ही गोष्ट न्यायसभेत सुरू होत नाही. ती सुरू होते विहिरीवर, कारण गावातल्या साऱ्या गोष्टी आधी तिथेच पोचतात.

उत्तरा घागर घेऊन आली तेव्हा दोघी बायका पाठमोऱ्या बोलत होत्या.

"अगं, शेठजींकडून काल झाकलेला पाळणा गेला म्हणे अमात्यांच्या घरी. सोन्याचा मुलामा दिलेला! आणि अमात्यांनी तो..."

एवढ्यात एकीने दुसरीला कोपर मारले. दोघींनी घागरी उचलल्या आणि चालू लागल्या. अमात्यांनी तो काय? परत धाडला? ठेवून घेतला? उत्तरेच्या हातातला दोर तसाच राहिला. कारण दुसऱ्या दिवशी त्याच अमात्यासमोर, त्याच शेठजीवर तिचा दावा उभा राहायचा होता.

तिचा नवरा सोमिल हा या शेठजीच्या, म्हणजे महापाल श्रेष्ठीच्या, भट्टीत कामाला होता. तिथे तांब्याच्या कलशांवर सोने चढवीत. सोने पाऱ्यात कालवायचे, तो लेप कलशाला फासायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडून जातो, सोने राहते. पारा उडून कुठे जातो, हे कुणी विचारीत नसे. छप्पर बुटके, आणि सोने वाऱ्याने उडू नये म्हणून खिडक्याही बुजवलेल्या.

भट्टीच्या दारात एक दगडी कुंड होते. दिवस मावळला की प्रत्येकाने त्यात हातपाय, केस, अंगावरचे धडुते, सगळे धुवायचे आणि मगच घरी जायचे. अंगावर लक्ष्मी चिकटवून जो घरी जाईल त्याला ती शिक्षा करते, असे शेठजींच्या वडिलांपासून सांगत आलेले. त्यामुळे झाले काय, की ज्याचे हात कापू लागले, दात हलू लागले, जीभ अडखळू लागली, त्याच्याकडे सारा मोहल्ला एकाच नजरेने पाही. याने सोने चोरले! धुतल्यासारखे केले आणि केसांत लपवून नेले! आजारी माणूस वैद्याकडे जायचा सोडून हात उपरण्यात लपवून बसे. बघा, काय सोय होती! विष घ्यायचे यांनी आणि लाजायचेही यांनीच.

सोमिलला वाडग्यातली पेज तोंडापर्यंत नेता येईना, तेव्हा शेठजीने त्याला कामावरून काढले. शेजारीण दारातून ओरडून म्हणाली, "आता तरी काढ म्हणावं ते सोनं बाहेर!" उत्तरेने खरोखरच एकदा चूल खणून पाहिली. राखेखाली मातीच निघाली. तेव्हा ती नवऱ्याजवळ बसून रडली, आणि डोळे पुसून न्यायसभेच्या दारातली घंटा वाजवून आली. घंटा वाजवणाऱ्याचा दावा ऐकायचा, असा राजाचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. शेठजी चंदन लावून आला होता. मागे त्याचा कुंडावरचा राखणदार, अंगभर उपरणे गुंडाळून. उत्तरेने सोमिलला धरून आणले. आणि समोर पाहते तर अमात्याच्या आसनाशेजारी कापडाने झाकलेला पाळणा!

'म्हणजे खरंच,' तिच्या मनात आले. 'घेतला याने. आणि निलाजऱ्यासारखा मिरवतोही आहे.'

"बाई, काय मागणं आहे?" बोधिसत्त्वाने विचारले.

"मागणं?" उत्तरेचा आवाज चढला. "यांचे हात मागते, स्वामी. देता येतील? नसतील येत तर हे जगतील तोवर यांचं अन्नपाणी, औषध या शेठजीने करावं. आणि यांना चोर म्हणतात ते थांबावं. तुम्ही पाळणा घेतला असलात तरी एवढं ऐकून घ्या!"

सभेत कुजबुज झाली. बोधिसत्त्व रागावला नाही. तो शेठजीकडे वळला. "तुझ्या भट्टीतून या माणसांच्या अंगावर काही येतं का?"

"काही नाही, अमात्य. थोडा धूर. तो वर जातो. यांचा आजार म्हणजे पूर्वकर्म. त्यातून हा तर चोर. लक्ष्मीनेच हात धरला त्याचा."

"कर्म खरंच. ते कुणाचं, एवढंच पाहायला बसलो आहे." मग बोधिसत्त्वाने राखणदाराला पुढे बोलावले आणि पाण्याने भरलेला तांब्या त्याच्या हाती दिला. "फार बोलून घसा सुकला. फुलपात्रात ओत पाहू."

राखणदाराने उपरण्यातून हात काढले. तांब्या फुलपात्रावर खणखणू लागला. निम्मे पाणी जमिनीवर गेले.

"हाही चोर का?"

"छे छे!" शेठजी म्हणाला. "हा माझ्या विश्वासातला. जन्म गेला याचा माझ्या दारात."

"हो, तुझ्याच दारात गेला. बरं, ते कुंड कशासाठी आहे?"

शेठजी खुलला. आपल्या धंद्याची हुशारी सांगायला कुणाला आवडत नाही? "सोन्याची धूळ उडते ना, अमात्य. केसांत बसते, कातडीवर बसते. कुंडाचा गाळ आटवला की कण न् कण परत मिळतो."

"आणि ते सोनं कुणाचं?"

"माझंच की! माझ्या भट्टीतून उडालं, ते माझं. कुणाच्याही अंगावर बसो."

बोधिसत्त्व आसनावरून उठला. "सभेने ऐकलं ना? याच्या भट्टीतून उडून यांच्या अंगावर बसलेलं सोनं याचं. मग त्याच भट्टीतून उडून यांच्या हाडांत बसलेला पारा कुणाचा?"

शेठजीने वळून राजाकडे पाहिले.

सिंहासनावर राजा चुळबुळला. "अमात्य, उत्सव तोंडावर आला आहे. भट्टी थांबली तर आपल्या महालाचे कलश अर्धेच राहतील."

"राहू देत, महाराज. अर्ध्या कलशाखाली बसून न्याय देता येतो. कापणाऱ्या हातांवर बसून देता येत नाही. माझं पद हवं तर आत्ता घ्या, निकाल मात्र हाच राहील."

राजाने खाली पाहिले, सांडलेल्या पाण्याकडे. मग म्हणाला, "बोल."

निकाल असा झाला की ज्याचे ज्याचे हात कापतात त्याचे अन्न, वस्त्र, औषध आयुष्यभर श्रेष्ठीने करावे. जे गेले त्यांच्या बायकामुलांचेही. नगरात दवंडी पिटावी की कंप हा पाऱ्याचा, चोरीचा नव्हे. भट्टी गावाबाहेर, उघड्या माळावर न्यावी. आणि कुंडाचे सोने यापुढे कामकऱ्यांचे.

मग बोधिसत्त्वाने पाळण्यावरचे कापड ओढले. पाळण्याच्या कडीला शेठजीची मोहर तशीच होती. "हा परवा माझ्या नातवासाठी आला. परत धाडला असता तर शेठजी म्हणाला असता, मी पाठवलाच नव्हता. म्हणून ठेवला. आता हा न्यायसभेच्या दारात टांगा. येणाऱ्या प्रत्येक अमात्याला दिसू दे."

संध्याकाळी विहिरीवर त्याच बायकांनी उत्तरेला गाठले. "काय गं, पाळणा घेतला होता ना त्यांनी?"

"घेतला होता," उत्तरा म्हणाली. "ठेवूनही घेतला. तेवढं खरं. पण बाळ त्यांचं झोळीतच झोपतंय."

सोमिलचे हात पुढेही कापतच राहिले. निकालाने हात परत येत नाहीत. पण त्या दिवसापासून त्याने ते लपवले नाहीत. आणि तीच तोंडाळ शेजारीण, त्याला पेज भरवताना सांडली, तर आपल्या पदराने पुसू लागली.

विहारात ही कथा सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, समोर पाहिले. विहाराला मोठी दाने देणारा एक रंगारी व्यापारी पुढेच बसला होता. त्याच्या रंगाच्या हौदांवर काम करणाऱ्यांची कातडी सोलून निघाली होती, आणि त्याने त्यांना हाकलून दिले होते. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा महापाल श्रेष्ठी म्हणजे हाच उपासक. राजा म्हणजे मला वारा घालणारा हा भिक्खू. सोमिल आणि उत्तरा आज दाराबाहेर बसली आहेत, हात सोललेले; त्यांना आत बोलवा. आणि तो अमात्य मीच होतो."

व्यापारी स्वतः उठून दाराकडे गेला. त्या अमात्याच्या जन्मात बोधिसत्त्वाने सत्यपारमिता, म्हणजे सत्याची साधना, पूर्ण केली.