साठ दिव्यांचं जाकीट

"आणखी किती दिवे लावू, बुवा?"

केतकीने जाकीट बुवांच्या पुढ्यात टाकलं. पाठीवर साठ दिवे शिवलेले, मागून गाडी आली की आपोआप लुकलुकणारे. कपड्यात यंत्रं बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

"कुणासाठी?"

"शार्दूलसाठी. धाकटा भाऊ. घाट उतरून सायकलवर कामाला जातो. दोन महिन्यांपूर्वी हेच घालून निघाला होता... मागून टेम्पोने उडवलं. खांद्याचं हाड मोडलं. उद्या पहाटे पुन्हा निघतोय. ऐकतच नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही, बुवा."

घाटाच्या पायथ्याशी मठी बांधण्याआधी नागनाथबुवांनी बावीस वर्षं मालट्रक चालवला होता. ती आली होती ती त्यासाठी. अध्यात्माशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"तपासलंस कसं?"

"दुकानातल्या पुतळ्यावर. दोनशे पावलांवरून लख्ख दिसतं!"

"पुतळा पायडल मारतो?"

केतकीला राग आला. एवढ्या लांब यायचं ते हे ऐकायला?

"मी साठाचे शंभर करते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त सांगा, पुरतील ना?"

कफनीची कड टरकन फाडून बुवांनी दोन चिंध्या काढल्या. तिच्या पिशवीतले दोन सुटे दिवे घेऊन त्यांनी आपल्या दोन्ही घोट्यांना बांधले.

दिवेलागण झाली होती. बुवांनी जाकीट चालू करून रस्त्याकडेच्या खांबाला अडकवलं आणि आपली जुनी सायकल काढली.

"तू वळणावर थांब."

ती वळणावर गेली. तिथून जाकीट झगमगत होतं. रस्त्याचं काम चालू असल्याची पाटी असावी, तसं. तिने ते पाहिलं आणि नजर पुढे गेली.

मग अंधारात दोन ठिपके हलले. एक वर, एक खाली. एक खाली, एक वर...

केतकी झटकन बाजूला झाली. का झाली, ते तिला नंतर कळलं: ते पाय होते.

बुवा धापा टाकत उतरले.

"टेम्पोवाल्याला दिवे दिसलेच नसतील, असं धरून चालले होते मी," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर वाढवत होते..."

बुवा वाकून घोट्याची चिंधी सोडू लागले. गाठ सुटेना.

"बुवा?"

"ट्रकवर असताना दिवा मलाही लख्ख दिसला होता, पोरी. माणूस दिसला नाही."