मुंगीच्या चालीची वीज

गावात नुकती वीज आली होती, तेव्हाची ही आठवण मालिनीबाई देवकुळे म्हातारपणीही हौसेनं सांगत. त्यांची शाळेतली नोकरी अजून कायम व्हायची होती. "तारेतले इलेक्ट्रॉन मुंगीहून हळू सरकतात," असं त्या शिकवत होत्या, तोच तपासनीस रणदिवेसाहेब दारात आले. सगळी मुलं ताडकन उठली.

साहेब कडाडले, "मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? असलं शिकवाल तर घरी बसाल!"

बाई म्हणाल्या, "साहेब, वर्गात मुलं, तसे तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच भरलेले असतात. आपला धाक क्षणात मागच्या बाकापर्यंत पोचला; आपण मात्र अजून दारातच आहात!"

साहेबांना हसू फुटलं. ते मुलांमध्ये येऊन बसले. "चालू द्या, बाई. तुम्हाला कायम केलं."

तो तास संपूच नये, असं बाईंना वाटलं होतं.