तीन दिवसांची कोरी जागा

एकदा एक विद्यार्थिनी आपला अहवाल सहीसाठी वृद्ध प्राध्यापकांकडे घेऊन गेली. शाल्मली तिचं नाव; विद्यापीठात ती जलसंपदा अभियांत्रिकी शिकत होती. नदीपलीकडच्या शाळेत जायला एका गावाला पूल हवा होता आणि त्या पुलाची उंची तिच्या अहवालावरून ठरायची होती. चाळीस वर्षांच्या रोजच्या पाणीपातळीच्या नोंदी तिनं संगणकात भरल्या होत्या. पोरीनं जीव तोडून काम केलं होतं, हे आधीच सांगतो.

सरांनी पानं चाळली, एका जागी थांबले आणि पेन्सिलीनं तीन आकड्यांवर काट मारली.

"मूळ वहीत या तीन दिवसांची जागा कोरी आहे. तू काय भरलंस?"

"मागच्यापुढच्या दिवसांची सरासरी, सर. चार मीटर. पुस्तकात तशीच पद्धत आहे."

"ज्यानं जागा कोरी सोडली, त्याला आधी भेटू. मग सही."

शाल्मली मनात चरफडली. तीन आकड्यांसाठी एसटीचे सहा तास! म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असंही तिला वाटलं. खरं सांगा, तुम्हाला नसतं वाटलं? पण दुसऱ्या दिवशी सर तिच्याआधी स्टँडवर हजर होते.

नदीकाठी पातळी वाचणारे तुळशीराम आता थकले होते. प्रश्न ऐकून ते हसले.

"ताई, पाण्यातली मोजपट्टी सहा मीटरची. त्या तीन दिवसांच्या पुरात ती आख्खी बुडाली, मग वाहून गेली. वाचू काय? अंदाजानं लिहायला हात धजेना."

"मग पाणी कुठवर चढलं होतं, काका?"

ते दोघांना काठावरच्या चिंचेपाशी घेऊन गेले. खोडात एक गंजका खिळा होता.

"पूर ओसरल्यावर पाण्याच्या खुणेवर ठोकला. इतक्या वर्षांत विचारायला कुणी आलंच नाही बघा."

शाल्मलीनं टाचा उंचावून हात वर केला. बोटं खिळ्याला पोचेनात. तिच्या पुलाची उंची जेमतेम तिच्या कमरेपाशी येत होती.

सर हळूच म्हणाले, "नदी शांत असते तोवर पट्टी तिला मोजते आणि वही भरत जाते. नदी खवळते, तेव्हाच नेमकी जागा कोरी राहते. या माणसानं ती प्रामाणिकपणे कोरी ठेवली. तू तिथं आपल्या सोयीचं पाणी भरलंस. पद्धत चुकली नाही गं, विचारायचं राहिलं."

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तुळशीराम गडबडले, "अहो ताई, रडू नका. माझी नात यंदा पाचवीत गेली. तीही त्याच पुलावरून जाईल ना?"

"जाईल, काका," तिनं डोळे पुसले आणि पिशवीतून टेप काढली. "पूल या खिळ्याच्या वरून जाईल. जरा हे टोक धरता?"

आपल्याही वहीत कुठेतरी जागा कोरी असेल, तर ती भरण्याआधी तिथल्या माणसाला विचारून यावं.